मी तं गोड खातच नाही, मले शुगर कशी?

उपकेंद्राच्या ओट्यावर बाया बसलेल्या असतात. आशाताईने तिशीच्या वरच्यांना घरोघरी जाऊन बोलावून आणलेलं असतं. सिस्टर बोटाला टोचते, इवल्याशा यंत्रावर आकडा उमटतो.

"काकू, दोनशे चौदा आहे. जेवून आल्या का?"

"कायचं जेवण? च्या घेतला फकत."

मग क्षणभर कोणीच बोलत नाही. आणि मग तो प्रश्न येतो, जो मी वर्धा-यवतमाळकडच्या गावांत इतक्यांदा ऐकला आहे की आता पाठ झाला आहे: "मी तं गोड खातच नाही बाप्पा, मले शुगर कशी?"

प्रश्न बरोबर आहे. चूक आपल्या नावात आहे. आजाराला आपण 'शुगर' म्हणतो, म्हणून वाटतं की तो साखरेच्या डब्यातून येतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सुमारे १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर. एवढे सगळे काही पेढेखाऊ नाहीत. आणि एवढे सगळे शहरातलेही नाहीत.

अख्ख्या अंगात एक चमचा

मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं. निरोगी माणसाच्या १०० मिलिलिटर रक्तात उपाशीपोटी ९० मिलिग्रॅमच्या आसपास साखर असते. हिशेब करा: अख्ख्या रक्तात मिळून साडेचार ग्रॅम. एक छोटा चमचा. उपाशीपोटीचा आकडा १२६ झाला की डॉक्टर मधुमेह म्हणतात. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून सव्वासहा ग्रॅम. एक चमचा आणि जेमतेम दीड चमचा, एवढ्याच फरकाची ही सगळी गोष्ट आहे.

आता ताटभर भात खाल्ला की पोटात त्याची दहा-बारा चमचे साखर होते. ती रक्तात येते, पण तिथे थांबत नाही. स्नायूंत आणि यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये, भराभर उतरवली जाते. हे उतरवण्याचं काम करवतं इन्सुलिन, पोटामागच्या स्वादुपिंड नावाच्या ग्रंथीतून येणारं रसायन.

कापूस खरेदी केंद्राबाहेरची रांग आठवा. गाड्या येतात, हमाल माल उतरवतात, गोदामात नेतात, गाडी रिकामी होऊन परत. रस्ता मोकळा. इथे गाड्या म्हणजे साखर, हमाल म्हणजे इन्सुलिन, गोदाम म्हणजे स्नायू आणि लिव्हर. एके दिवशी हमालच आले नाहीत तर? रांग हमरस्त्यापर्यंत. हा टाईप १ मधुमेह. बहुतेकदा लहान वयात सुरू होतो, शरीर स्वतःच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकतं, आणि बाहेरून इन्सुलिन टोचण्यावाचून गत्यंतर नसतं.

दुसरा प्रकार जास्त गावतो. हमाल आहेत, पण गोदाम चरबीने ठासून भरलंय, माल आत घेत नाही. हमाल दुप्पट-तिप्पट लावावे लागतात. काही वर्षं असं निभतं आणि मग हमालही थकतात. हा टाईप २. काकूंचा हाच.

एक गोष्ट मात्र खरेदी केंद्रात होत नाही. लिव्हर रात्री आपल्याच कोठीतली साखर रक्तात सोडत राहतं, कारण झोपेतही मेंदूला ती लागते. इन्सुलिनचा धाक असेपर्यंत बेताने सोडतं. धाक गेला की वाट्टेल तशी सोडतं. म्हणून "रात्री एकच भाकर खाल्ली, तरी सकाळी शुगर जास्त कशी?" याचं उत्तर भाकरीत सापडत नाही.

मग गोड खायचं की नाही?

साखर कमीच. पण आपल्याकडे साखर पेढ्यातून कमी आणि चहातून जास्त येते. कपात दोन चमचे, दिवसाला पाच कप, म्हणजे ५० ग्रॅम. याला कोणी गोड खाणं म्हणतच नाही. गूळ टाकला तरी शरीराला फारसा फरक कळत नाही.

खरा भार भाताचा, पोह्यांचा, पोळीचा. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे दोन्ही वेळ भात आणि त्यावर पातळ वरण. ज्वारीची भाकर हळू पचते हे खरं, पण "ज्वारी आहे, चालते" म्हणत चार खाल्ल्या तर ज्वारी काय करणार? शहरातून येणाऱ्या कागदावर ओट्स आणि ब्रोकोली लिहिलेली असते. तो कागद खुंटीला लावून ठेवावा. अंबाडी, चवळी, वांगं, मेथी, घट्ट वरण, उसळ, अंडं हे आधी आणि जास्त, भात नंतर आणि कमी, एवढं केलं तरी जेवणानंतरची चढण उतरते. संत्रं सोलून फोडी खा. रस काढला की तीन-चार संत्री एका घोटात जातात, आणि चोथा मागे राहतो.

"मी तर काडीसारखा. शुगर जाड्यांची."

हा सगळ्यात घातक समज, कारण तो बारीक माणसाला तपासणीपासून दूर ठेवतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचा आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्याचा, डॉ. जॉन युडकिन यांचा, एकत्र फोटो छापला होता. दोघांच्या उंची-वजनाचं गुणोत्तर अगदी सारखं, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. कपड्यांवरून दोघेही सडपातळच. आपली चरबी पोटाच्या आत, आतड्याभोवती, लिव्हरमध्ये बसते. गर्भात असताना आईची आबाळ झाली, बाळ कमी वजनाचं जन्मलं, तर ही ठेवण पक्की होते असं याज्ञिकांचं अनेक वर्षांचं काम सांगतं. आपल्या भागातल्या किती माया बाळंतपणाच्या आदल्या दिवसापर्यंत वावरात होत्या, ते आठवून पाहा.

लघवीला मुंग्या लागत नाहीत, म्हणून?

मुंग्यांची परीक्षा जुनी आहे, पण उशिराची आहे. मूत्रपिंड साखर सहसा सांडू देत नाही. रक्तातला आकडा साधारण १८० च्या वर गेला की ती लघवीत उतरते. १२६ ते १८० मधल्या माणसाकडे मुंगी ढुंकूनही पाहणार नाही.

तीन महिन्यांची साखर, आणि ती आपल्याकडे कुठे फसते

बोटाचा आकडा म्हणजे त्या क्षणाचा फोटो. तपासणीच्या आधी दोन दिवस उपास करून "नॉर्मल आली" म्हणणारे आपल्या घरोघरी आहेत. म्हणून डॉक्टर एचबीए१सी सांगतात. लोक त्याला 'तीन महिन्यांची' म्हणतात. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, आणि रक्तातली साखर तिच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, जशी कपाशीत दिवसभर वेचणाऱ्याच्या लुगड्याला सरकी-बोंडाची कुसं चिकटतात. संध्याकाळी लुगडं पाहून कळतं किती वेळ वावरात होती. ६.५ टक्के किंवा वर म्हणजे मधुमेह. ७ म्हणजे सरासरी १५४ च्या आसपास, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२.

पण हे लुगडं १२० दिवस अंगावर असलं तरच खरं. विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर, मेळघाट पट्ट्यात, सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा लाल पेशींचा आजार, आहे. सिकलसेलच्या रुग्णाच्या लाल पेशी काही आठवड्यांतच मोडतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आणि एचबीए१सी खोटाच कमी येतो. नुसता वाहक, म्हणजे आजार नसलेला पण दोष अंगात असलेला, असला तरी काही यंत्रांवर आकडा हलू शकतो. उलट, लोह कमी असल्यामुळे रक्त कमी असेल, आणि आपल्या बायांत ते फार आहे, तर पेशी जास्त जुन्या होतात आणि आकडा खोटाच वाढू शकतो.

म्हणून सिकलसेलचं कार्ड घरात असेल तर ते शुगरच्या फाईललाच पिन मारून ठेवा आणि दरवेळी दाखवा. अशा माणसाची साखर उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी, अशी थेट पाहून ठरवावी लागते. तपासणीच्या गर्दीत हे विचारायचं राहून जातं. आपण सांगायचं.

सकाळी ४५ मिनिटं चाला, म्हणे

हा सल्ला ऐकून वेचणीच्या बाया हसतात. सकाळी अंधारात स्वयंपाक, सातला ऑटो, आठला वावरात, आणि मजुरी किलोवर. किलोवर म्हणजे जेवायला बसलेला वेळ पैशात कापला जातो. शिदोरी दोनला, कधी तीनला सुटते. गोळी मात्र सकाळी सातला, "जेवणाआधी" घेतलेली. जेवण आलंच नाही.

मेहनत करताना स्नायू इन्सुलिनची फार वाट न पाहता साखर ओढून घेतात, आणि ही ओढ काम थांबल्यावरही कित्येक तास राहते. उपाशी पोट, गोळीचा जोर आणि वाकून वेचणी एकत्र आली की साखर ७० च्या खाली जाते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, घेरी येते, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो. दुपारच्या उन्हात हे सगळं 'ऊन लागलं' म्हणून खपतं. पुरुषाला झालं तर 'घेऊन आला' म्हणूनही खपतं.

इथे एक गोष्ट प्रत्येकाने आपल्या पाकिटावर वाचून घ्यावी: गोळीचं नाव. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर अशी एकदम सहसा पडत नाही. ग्लिमेपिराईड किंवा इन्सुलिन असेल तर पडू शकते. आरोग्य केंद्रातून दोन्ही गोळ्या मिळतात, दोन्ही पांढऱ्या कागदात येतात, आणि घरी दोन्हींचं नाव 'शुगरची गोळी'. "वावरात जायच्या दिवशी मी जेवतो दोन वाजता" हे वाक्य डॉक्टरांना सांगा. वेळ किंवा मात्रा बदलणं त्यांचं काम, पण तुमचा दिवस कसा असतो हे त्यांना स्वप्नात दिसणार नाही.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. लुगड्याच्या ओच्यात किंवा पँटच्या खिशात साखरेची पुडी. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटं बसायचं, बरं वाटलं नाही तर पुन्हा, आणि मग भाकर. बिस्किट चालत नाही, हळू पचतं. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीही घालायचं नाही, दवाखान्यात न्यायचं. वर्षभर ज्याला साखर खाऊ नको म्हणून दटावलं त्यालाच साखर पाजायची, यात विसंगती काही नाही. रांग संपून गोदामही रिकामं पडल्यावर एक गाडी तरी आणावीच लागते.

फवारणीच्या दिवसांत मात्र सावध. थरथर, घाम, अशक्तपणा ही कीटकनाशकाच्या विषबाधेचीही लक्षणं आहेत. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून किती जीव गेले ते आपण विसरलेलो नाही. साखर दिली, तरी "शुगरच असेल" म्हणून बसून राहू नका.

आणि हंगाम संपतो. मार्च-एप्रिलमध्ये वावर रिकामं, लग्नं सुरू, दुपारी निंबाखाली झोप. गोळी तीच, काम नाही, पंगती रोजच्या. आकडा चढतो आणि लोक म्हणतात गोळी 'लागेनाशी झाली'. गोळी तीच आहे, दिवस बदलला.

रब्बीत जागल असते ती वेगळीच. रानडुकरांसाठी रात्रभर मचाणावर, मध्यरात्री चहा, खर्रा, पहाटे डोळा लागतो. रात्रीचं इन्सुलिन घेऊन एकट्याने जागलीला जायचं असेल तर खिशात पुडी आणि सोबतच्या वावरवाल्याला सांगून ठेवलेलं हवं. खर्ऱ्याबद्दल एवढंच: तंबाखू रक्तवाहिन्या आवळते, साखर त्या खराब करते. दोघं मिळून पायापर्यंत रक्त पोहोचू देत नाहीत.

पाय

वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली की नसा मरतात, आणि त्या लांबून सुरू होतात, म्हणजे तळपायापासून. आधी मुंग्या, जळजळ. मग काहीच नाही. हे 'काहीच नाही' सगळ्यात वाईट, कारण लोकांना वाटतं बरं झालं. पऱ्हाटीचं खुंट पायात घुसतं, कळत नाही. थंडीत शेकोटीला पाय शेकताना भाजतात, कळत नाही. रोवणीच्या चिखलात दिवसभर बोटांच्या बेचक्या भिजतात. जखम चिघळून वास येईस्तोवर महिना गेलेला असतो.

रोज रात्री तळपाय पाहायचे. स्वतःला दिसत नसतील तर आरसा, नाही तर नातवाला सांगायचं. गरम पाण्याचा अंदाज पायाने घ्यायचा नाही, कोपराने घ्यायचा. वावरात बंद बूट. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतली प्रथिनं वर्षातून एकदा तपासायची. तिथेही दुखत नाही, म्हणूनच.

इन्सुलिन आणि मे महिना

१९२१ मध्ये टोरांटोत इन्सुलिन सापडलं, जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिल्यांदा टोचलं गेलं. त्याआधी टाईप १ झालेलं मूल फार दिवस जगत नसे. तेव्हा "सुई लागली म्हणजे शेवट आला" हा समज इतिहासाच्या बरोबर उलटा आहे. "सवय लागते" हेही तसंच. भाकरीची सवय लागते म्हणून कोणी जेवण सोडत नाही.

अडचण वेगळी आहे. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, उघडलेलं ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकतं. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि लाईटचा भरवसा नाही. फ्रीज नसेल तर माठ. एका मोठ्या मडक्यात लहान मडकं, मधे ओली वाळू, आत इन्सुलिन घट्ट झाकणाच्या डब्यात, वर ओलं फडकं, सावलीत. कूलरचीच युक्ती: पाणी उडताना गारवा देतं. म्हणून कोरड्या मे महिन्यात हे चांगलं चालतं आणि दमट जुलैत कमी, पण जुलैत तेवढं तापतही नाही. फ्रीज असेल तर फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून काही कामाचं नाही. गाठी दिसल्या, कडेला कण चिकटले, की फेका, कितीही जीवावर आलं तरी.

विचारायचं कोणाला?

वर्षात ८,७६० तास असतात. त्यातले डॉक्टरांसमोर फार तर एक. बाकीच्या तासांतले निर्णय माणूस एकटा घेतो: पंगतीत बसलो, बुंदी वाढली, काय करू? उद्या रोवणी आहे, सुई किती वाजता? हे प्रश्न कोणी डॉक्टरांना विचारत नाही, लाज वाटते. पण दुसऱ्या शुगरवाल्याला विचारतो. बचत गटाच्या बैठकीत हप्ता झाल्यावर हेच चालतं.

टाईप २ वाल्याला गावात सोबती मिळतात. टाईप १ च्या लेकराला नाही. अख्ख्या गावात ते एकटंच असतं, दुसरं तसं मूल चाळीस किलोमीटरवर. शाळेत सुई लपवावी लागते. मुलगी असेल तर आई नातेवाइकांपासूनही लपवते, पुढे लग्न जमायचं म्हणून. अशा आईच्या फोनवर तशाच दहा आयांचा गट असणं म्हणजे काय, ते तिलाच माहीत. रात्री अकराला "पोराची शुगर ५८ आहे" लिहिलं की कोणी तरी जागं असतं आणि म्हणतं, साखर पाजली का? पंधरा मिनिटांनी परत पाहा, मी आहे.

पण त्याच फोनवर कारल्याचा रस, जांभळाच्या बिया, विजयसारच्या लाकडाचा पेला आणि 'मुळापासून शुगर गायब' चूर्णही येतं. मधुमेह बरा करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. अशा काही चूर्णांत ॲलोपॅथीचीच शुगरची गोळी मिसळलेली सापडली आहे. फरक पडतो तो तिच्यामुळे, आणि किती पोटात गेली ते कोणालाच माहीत नसतं. कारलं भाजी म्हणून खा. टाईप २ सुरुवातीचा असेल आणि वजन जास्त असेल तर ते बऱ्यापैकी उतरवून काहींची साखर गोळीविना आटोक्यात राहते, हे खरं आहे. पण ते डॉक्टरांच्या नजरेखाली, आणि वजन परत आलं की साखरही परत. टाईप १ च्या मुलाचं इन्सुलिन थांबवणं म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणं.

आमच्या भागातल्या वीस-पंचवीस जणांच्या गटात दोनच नियम आहेत. आपली मात्रा दुसऱ्याला सांगायची नाही. आणि ज्याने औषध विकायला आणलं त्याला काढायचं. दुसऱ्या नियमापायी एका जावयालाही काढलं, त्यावरून घरात आठ दिवस अबोला होता.

दर रविवारी संध्याकाळी त्या गटात कोणी तरी लिहितं: पाय पाहिले का? मग एकेक अंगठा येत जातो. मागच्या पावसाळ्यात एका काकाजींनी अंगठ्याऐवजी नातवाने काढलेला फोटो टाकला. टाचेत बाभळीचा काटा, भोवती काळपट. लगेच दोन-तीन जणांचे फोन गेले, दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीने ते तालुक्याला गेले. काटा निघाला, पट्टी झाली, पाय राहिला. डॉक्टरांनी विचारलं, कधी मोडला? काकाजींना सांगता आलं नाही.